तांब्याच्या तारेच्या माशा

"एक मासा," दादा म्हणाला. "फक्त एक. ऊन त्या डोंगरामागं जायच्या आत एक जरी ट्राउट लागला, तर तू म्हणशील तसं. न्हाई लागला, तर मी म्हणेन तसं. मग परत हा विषय माझ्यासमोर काढायचा न्हाई."

"कबूल. पण शब्द फिरवायचा न्हाईस."

"मी कधी फिरवलाय?"

फिरवला नव्हता, हीच तर अडचण होती.

"आणि आणखी एक," नदीकडं वळता वळता तो म्हणाला. "गळाची माशी मी निवडणार. तू मध्ये बोलायचं न्हाई."

विषय माझ्या किडनीचा होता. दादाच्या दोन्ही निकामी होत आल्या होत्या. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डायलिसिसची पाळी यायच्या आत बदलून घेतली तर उत्तम, आणि ती पाळी आता फार लांब नाही. माझ्या तपासण्या झाल्या, जुळलं. माझा नवरा गिरीश सुरुवातीला गप्प गप्प असायचा, तोही तयार झाला. आणि एवढं सगळं जमून आल्यावर दादा अडून बसला.

"तुझी सानिका चार वर्षांची हाय. तिच्या आईचं पोट फाडून मी घेऊ व्हय? मला आयतं काही नको."

"मला आयतं नको" हे त्याचं जन्माचं पालुपद. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा मी दुसरीत होते आणि तो नुकता आयटीआय झालेला. काकांनी दोघांनाही घरी ठेवून घेतो म्हटलं, तेव्हाही त्यानं हेच सांगितलं होतं. मला तेवढं काकूंच्या स्वाधीन करून तो हिमाचलात एका वीजप्रकल्पावर वायरमन म्हणून गेला आणि माझं शिक्षण तिथून केलं. मी नोकरीला लागल्यावर परत येऊन इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. लग्न केलं नाही. माझ्या लग्नात आहेर म्हणून त्याला शर्टाचं कापड दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्यानं ते गिरीशलाच शिवून आणलं. असा माणूस. त्याच्यावर प्रेम करणं म्हणजे बंद दुकानाची कडी वाजवत उभं राहणं होतं.

हिमाचलातून तो एकच चैन घेऊन आला होता, ती म्हणजे ट्राउट पकडायचा नाद. प्रकल्पावरच्या कुणा साहेबानं त्याला शिकवलं होतं. हा मासा नदीवर उडणारे बारीक किडे खातो, म्हणून गळाला दोऱ्याची आणि पिसांची खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर सोडायची. इचलकरंजीच्या आसपास ट्राउट औषधालाही मिळायचा नाही, पण दादा दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माशा बांधायचा. गावठी कोंबड्याची पिसं, मागावरचा दोरा, आमच्या भुरी मांजरीचे केस. शेजारच्या काकूंना वाटायचं, मुकुंदा कानातले करायला शिकलाय.

"एकदा नदी दाखवून आण, मग बघू," असं तो म्हणाला, तेव्हा मला वाटलं, विरघळला. सानिकाला गिरीशकडं सोडून मी त्याला घेऊन आले. कुलूच्या बाजूच्या एका दरीत, मार्चच्या सुरुवातीला. पोचलो त्या संध्याकाळी त्याला नदीच्या कडेला हात मागं बांधून उभं राहिलेलं पाहिलं आणि मला कळलं. तो नदी बघायला नव्हता आला. निरोप घ्यायला आला होता.

म्हणून सकाळी त्यानं पैज लावली तेव्हा मी लगेच कबूल म्हटलं. बुडत्याला निदान काडी तरी.

पाणी बर्फाचं होतं. वरच्या कड्यांवर अजून बर्फ होतं आणि दरीत धुरासारखी थंडी भरून राहिली होती. दादाचे पाय सुजलेले, बुटाच्या नाड्या सोडूनच बूट चढवावे लागत होते. दगडांवरून उतरताना मी हात पुढं केला, तर त्यानं रॉड या हातातून त्या हातात घेतला आणि कडेकडेनं एकटा उतरला. पिशवी, डबा, पाण्याची बाटली, सगळं त्याच्याच खांद्यावर.

काठाशी बसून त्यानं पाण्यातला एक दगड उचलला, खालची बाजू बघितली आणि परत ठेवला.

"काय बघायलास?"

"किडे. पाण्यावर जो किडा उडतो, त्याच्यासारखी माशी निवडायची. आज काय उडतंय?"

मी पाण्याकडं पाहिलं. काहीच उडत नव्हतं. एक डाससुद्धा नाही.

"मग कशी निवडायची?"

"काहीच उडत नसलं की मग अंधारात चाचपडल्यासारखं," तो म्हणाला. "बस तिथं उन्हात. थंडी लागेल."

त्यानं माशांची पत्र्याची डबी उघडली. पांढऱ्या पंखांची एक मोठी, फुललेली माशी निवडली, दोराला बांधली आणि हवेत दोर नाचवून अलगद पाण्यावर टाकली. फेक सुंदर होती. माशी तरंगत गेली, पुढच्या खडकाशी गिरकी घेऊन बाहेर आली. पुन्हा फेक. पुन्हा तरंगत गेली. तासाभरानं त्यानं माशी बदलली. पिवळी निवडली. मग करडी. सगळ्या पाण्यावर तरंगत होत्या आणि पाण्यावर तोंड काढायला कोणी तयार नव्हतं.

मी देवाला मानणारी बाई नाही. तरी त्या सकाळी अंबाबाईपासून म्हसोबापर्यंत कुणाला सोडलं नाही. दर फेकीला माझा श्वास अडकायचा आणि माशी रिकामी परत आली की सुटायचा. त्याचा मात्र चेहरा शांत होता, सुट्टीवर आलेल्या माणसासारखा. मध्येच तो कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहायचा.

दुपारी तो खडकाला टेकून बसला. डबा उघडला, अर्धी पोळी खाल्ली आणि उरलेली गुंडाळून ठेवली. हल्ली आजारामुळं त्याला सगळ्याच खाण्याला लोखंडाची चव लागायची.

मी सहज डबी हातात घेतली. ओळीनं माशा टोचलेल्या. पांढऱ्या, पिवळ्या, करड्या, एक तपकिरी गुबगुबीत, भुरीच्या केसांची. सगळ्या हलक्या, सगळ्या तरंगणाऱ्या. आणि एकदम काहीतरी आठवलं. आमच्या टेबलावर दुकानातल्या जळक्या मोटारीची बारीक तांब्याची तार. ती गळावर घट्ट गुंडाळून, वर कोंबड्याचं एखादं पीस लावून तो बारक्या, जड, दिसायला अगदी भिकार माशा करायचा. मी विचारलं होतं, ह्या रे कसल्या? तो म्हणाला होता, थंडीच्या. पाण्यावर काही उडत नसलं की मासा तळाशी बसून राहतो, वर येतच न्हाई. मग आपणच तळाशी जायचं.

मी डबी पुन्हा पाहिली. झाकणाच्या आत बघितलं. पिशवीत हात घालून चाचपलं.

"दादा, तांब्याच्या तारेच्या माशा कुठायत?"

त्यानं पाण्याकडं बघत पोळीच्या कागदाची नीट घडी केली.

"घरी राहिल्या."

"राहिल्या की ठेवल्यास?"

त्यानं कागद पिशवीत टाकला.

"दादा!"

"ऊन बघ वैजू, किती पुढं सरकलंय. चला, लागायला पाहिजे कामाला."

मला काय झालं हे आजही शब्दांत सांगता येत नाही. त्याला धरून त्या बर्फाच्या पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं, एवढं खरं. मी इकडं म्हसोबाला नवस बोलतेय आणि हा हरायची तयारी घरून करून आलेला!

"तू मरायला आलायस इथं," मी ओरडले.

"मरायला इचलकरंजी काय वाईट हाय?" तो हसला. मग माझं तोंड बघून हसू आवरलं. "वैजू, मी एवढासा हट्ट करतोय, करू दे की. तुला कमी करून मला वाढायचं न्हाई. आत्तापर्यंत कधी वाढलो न्हाई, आता कशाला?"

"आणि मला काय वाटतंय ते?"

"ठरलंय आपलं," असं म्हणून तो उठला. पहिल्या झटक्यात उठता आलं नाही. मी हात दिला नाही. तो आपणहून तर मागणारच नव्हता.

मी चहा आणते म्हणून वर आले. खरं तर मला मोठ्यानं रडायला जागा पाहिजे होती.

आम्ही उतरलो होतो ते घर नदीच्या काठावरच, थोडं उंचावर होतं. मालक डोलाराम, दादाचा प्रकल्पावरचा जुना सोबती. घराच्या मागं त्यानं सिमेंटच्या टाक्या बांधून त्यात ट्राउट पाळले होते, हॉटेलांना विकायला. झऱ्याचं पाणी एका बाजूनं टाकीत यायचं आणि दुसऱ्या बाजूनं जाळीतून गाळून, उतारावरच्या ओहोळानं खालच्या डोहात जायचं. सकाळी मी तिथं उभी असताना डोलारामनं मूठभर खाद्य टाकलं होतं. मटाराएवढ्या तपकिरी गोळ्या. त्या पाण्याला लागायच्या आत टाकी उकळल्यासारखी झाली होती.

मी तिथंच टाकीच्या कठड्यावर बसून रडले. डोलाराम धावत आला. त्याला वाटलं, मुकुंद भाईंना काही झालं. मी माझ्या बँकेतल्या हिंदीत सगळं सांगितलं, किडनी, पैज, तांब्याच्या माशा, सगळं. आणि बोलता बोलता माझी नजर त्या जाळीवर गेली.

"भैया, ये जाली उठा दो."

"जी?"

"थोड़ी देर के लिए. मछली नीचे जाने दो."

डोलारामनं डोक्यावरची टोपी सरळ केली. "मैडम जी, मुकुंद भाई पहचान लेंगे."

"पहचानने दो. एक मछली चाहिए मुझे. सिर्फ एक."

त्यानं खाली डोहाकडं एकदा बघितलं. मग वाकला आणि दोन्ही हातांनी जाळी वर उचलली. टाकीतली सावळी गर्दी क्षणभर थबकली आणि मग दहाबारा, वीसेक मासे ओहोळातून एकामागून एक घरंगळत खाली गेले. त्यानं जाळी परत बसवली.

"चाय ले जाइए," तो म्हणाला. "कहिए, यहीं नीचे वाले कुंड पर पी लें."

मी कपात सांडत सांडत चहा खाली नेला. "दादा, इथं ये, इथं ऊन हाय," म्हणून हाक मारली. तो आला. डोहाच्या काठावर उभा राहून त्यानं चहाचे दोन घोट घेतले. ऊन कलतं होतं, त्याची लांब सावली पाण्यावर पडली होती. आणि त्या सावलीत एक मासा आला. मग आणखी दोन. बघता बघता डोहातले सगळे मासे त्याच्या सावलीत येऊन, वर तोंड करून, शेपट्या हलवत उभे राहिले.

"दादा! मासे!"

"दिसतात की," तो म्हणाला.

तो कप हातात धरून पाण्याकडं बघतच राहिला. कितीतरी वेळ. मला वाटलं, एवढे मासे बघून हरखला. मग कप खाली ठेवून त्यानं रॉड घेतला.

करडी माशी त्यांच्या मधोमध पडली. एक मासा वर आला, तिला नाकानं हुंगलं आणि वळून गेला. दुसरा आला, तोही गेला. दादानं पांढरी लावली. तिच्याकडं तर कुणी ढुंकूनही बघितलं नाही. पिवळी. तेच. हात घातला तर हाताला लागावेत इतके जवळ होते ते मासे, आणि एकही तोंड उघडेना.

मला कळेना काय चाललंय. मी पाय हलवला आणि काठावरचे खडे घरंगळून पाण्यात पडले. त्याबरोबर सगळे मासे एकमेकांना ढकलत त्या खड्यांवर तुटून पडले आणि खडे तळाला जाताना बघत पुन्हा जागेवर आले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या माशांनी जन्मात किडा पाहिला नव्हता. त्यांना माशी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. त्यांना माहीत होती माणसाची सावली आणि तिच्यातून पडणारी तपकिरी गोळी. जगातल्या सगळ्या माशा इथं आणून ओतल्या असत्या तरी ते हुंगून सोडून देणार होते. मीच माझ्या हातानं डोह भरून टाकला होता, एकही न लागणाऱ्या माशांनी.

मागच्या डोंगराची सावली उतारावरून आमच्याकडं उतरत येत होती. मला सांगायचं होतं, दादा, गोळी पाहिजे, गोळी. पण सांगितलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि लबाडीचा मासा त्यानं मानला नसता. मी साडीचा पदर तोंडात धरला आणि हुंदका आला तो आलाच.

"दादा, माझं ऐक एकदा..."

"मध्ये बोलायचं न्हाई. ठरलंय."

तो मोठ्या दगडावर बसला. डबी उघडून मांडीवर ठेवली. एकेका माशीवर बोट फिरवत गेला, पांढरी, पिवळी, करडी, आणि शेवटी त्या तपकिरी, भुरीच्या केसांच्या माशीवर थांबला. भुरी गेल्यावर त्यानं बांधलेली ती शेवटची. दोन रविवार लागले होते तिला. ती त्यानं कधी पाण्यात टाकली नव्हती.

खिशातून त्यानं दोरा कापायची छोटी कात्री काढली. माशीचे पंख कापले. मग शेपटी कापली. मग पुढचं पीस. केस सगळीकडून गोल गोल कातरत आणले, आमच्या गल्लीतला न्हावी मुलांची डोकी करायचा तसे. राहिला एक तपकिरी गोळा. मटाराएवढा.

मी वाकून बघितलं.

"हा कुठला किडा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"किडा न्हाई," दादा म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानं ती दोराला बांधली. आज पहिल्यांदाच त्याची गाठ दोनदा सुटली. मी पुढं झाले, तर मानेनंच नको म्हणाला. तिसऱ्यांदा बसली. तो उभा राहिला, सावली पाण्यावर पडली, मासे सावलीत आले, आणि त्यानं नुसतं मनगट हलवून तो गोळा त्यांच्यात टाकला. खाद्य टाकतात तसा.

पाणी फुटलं. रॉड वाकला.

मी ओरडले की हसले की काय केलं कुणास ठाऊक. चपला काढायचंही सुचलं नाही, तशीच पाण्यात गेले. पाणी गुडघ्यापर्यंत, पाय बधिर झाले, तरी दोन्ही हातांनी मासा धरून काठावर आणला. हातभर लांब, अंगावर गुलाबी पट्टा, अजून उसळ्या मारत होता. आमच्या काठावर अजून हातभर ऊन होतं.

"लागला! दादा, लागला! ऊन हाय बघ अजून! बघ!"

डोलाराम वरून बादली घेऊन उतरला होता. ती आमच्याजवळ ठेवून तो वर निघून गेला. दादानं बादलीत नदीचं पाणी घेतलं, हात ओला करून मासा माझ्याकडून घेतला, गळ सोडवला आणि त्याची शेपटी अंगठ्यावर पसरून धरली. नदीतल्या माशाची शेपटी पंख्यासारखी पसरते. हिच्या कडा झिजून बोथट झाल्या होत्या, जुन्या खराट्यासारख्या.

"सिमेंटला घासून घासून झालंय हे," तो म्हणाला.

मी मान खाली घातली.

"रानटी ट्राउट माणसाची सावली बघितली की पळतो, वैजू. हे सगळे माझ्या सावलीत येऊन उभे राहिले. चहा पीत होतो तेव्हाच कळलं मला."

"मग..." मी म्हटलं. चहा पीत होता तेव्हाच! म्हणजे करडी, पांढरी, पिवळी टाकताना त्याला ठाऊक होतं की घेणार नाहीत. आणि भुरीची माशी कातरतानाही ठाऊक होतं की घेणार. तोवर तो कशाची वाट बघत होता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. कदाचित मी पदर तोंडात धरलेला त्यानं बघितला असेल.

दादानं मासा बादलीत सोडला. मासा एक फेरी मारून, वर तोंड करून, त्याच्या सावलीत थांबला.

"नदीत सोडला तर उपाशी मरेल हा. आयतं खायची सवय हाय ह्याला," दादा म्हणाला. तो बादलीशी वाकला. मग हळूच म्हणाला, "मला न्हाई ती सवय. लावून घ्यायला पाहिजे."

माझा बांध फुटला. मी तिथंच, ओल्या साडीत, दगडावर बसून घळाघळा रडले. त्याचा सुजलेला पाय माझ्या हाताशी होता, तो घट्ट धरून रडले.

"ए, रड नंतर," तो म्हणाला. त्यानं पाय सोडवून घेतला नाही. "गिरीशला फोन कर, म्हण डॉक्टरांची तारीख घे. आणि ती बादली उचल आधी. मला जड व्हायलीय."

मी डोळे पुसले आणि बादली उचलली. चढ उभा होता, पाणी हिंदकळून माझ्या पायांवर सांडत होतं. मागून दादा येत होता, दर चार पावलांवर थांबत, आणि त्याची पिशवी माझ्या खांद्यावर होती.